ब्लीदाचें इस्पितळ आणि परक्याचें मन

वैद्य आणि रोगी एकाच मुलुखांतले असले म्हणजे बोलण्याचें अर्धें काम अगोदरच झालेलें असतें. ‘काळजांत धस्स झालें’ असें एखाद्या बाईनें सांगितलें, तर आपल्याकडील वैद्य तिचें यकृत तपासावयास घेत नाहीं. ‘जिवाला घोर लागला आहे’ असें म्हातार्‍यानें म्हटलें कीं, परगांवीं असलेल्या मुलाची कांहीं बातमी नसावी, हें तो ताडतो. देवळांत आरतीच्या वेळीं एखादीच्या अंगांत आलें तर भोंवतालच्या बायका हळदकुंकू घेऊन पुढें होतात. तिला खोलींत कोंडावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पण हेंच बोलणें व हेंच वागणें मराठीचा एक शब्दहि न जाणणार्‍या, परदेशांतून आलेल्या वैद्यासमोर घडलें तर तो आपल्या वहींत काय टिपून ठेवील? त्याच्या टिपणांत आणि त्या बाईच्या मनांत केवढें अंतर पडेल!

शरीराच्या दुखण्यांत हें अंतर कांहीं अंशीं भरून निघतें. कारण ताप किती आहे हें मोजावयास भाषा लागत नाहीं. मनाच्या दुखण्यांत मात्र बोलणें हेंच निदान आणि पुष्कळदां बोलणें हेंच औषध. म्हणून ज्या विद्येला आज समुपदेशन म्हणतात, तिच्यापुढें हा प्रश्न सर्वांत बिकट होऊन उभा राहतो. सल्ला देणारा एका समाजांत वाढलेला, सल्ला घेणारा दुसर्‍या. दोघांच्या लाजेच्या कल्पना वेगळ्या, वडीलधार्‍यांशीं वागण्याची रीत वेगळी, सुखदुःख सांगण्याची पद्धति वेगळी. अशा दोघांत विश्वास उत्पन्न व्हावा कसा? या प्रश्नाचा ऊहापोह पुढें पुष्कळ विद्वानांनीं केला. परंतु त्यांतील एक मोलाचा धडा उत्तर आफ्रिकेंतील एका इस्पितळांत, एका तरुण डॉक्टरच्या फसलेल्या प्रयोगांतून मिळालेला आहे. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१८३० सालीं फ्रेंच सैन्य अल्जेरियाच्या किनार्‍यावर उतरलें आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें तो देश फ्रान्सच्या अमलाखालीं राहिला. सुपीक जमिनी युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांकडे गेल्या आणि अरब व कबाइल शेतकर्‍यांपैकीं पुष्कळांवर आपल्याच मुलुखांत मजुरी करण्याची पाळी आली. कचेरी, न्यायालय, पोलीसठाणें या सर्व ठिकाणीं राज्य फ्रेंच भाषेचें. अल्जियर्स शहरापासून सुमारें तीस मैलांवर, अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याशीं ब्लीदा हें गांव आहे. तेथें १९३० नंतरच्या दशकांत मनोरुग्णांसाठीं एक विस्तीर्ण इस्पितळ उभें राहिलें.

त्या काळीं अल्जेरियांतील मनोविकारशास्त्रावर आंत्वान पोरो या प्राध्यापकांचा मोठा पगडा होता. त्यांनीं १९१८ सालींच मुसलमान रुग्णांच्या मनोविकारांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला होता. देशी मनुष्य भोळसट, हट्टी, दुसर्‍याच्या सूचनेला सहज बळी पडणारा आणि आवेगाच्या आहारीं जाणारा असतो, असें त्यांचें व त्यांच्या शिष्यांचें म्हणणें. पुढें त्यांनीं याहून मोठी मजल मारली. या लोकांच्या मेंदूचा वरचा भाग पुरेसा विकसित झालेला नाहीं, असें ते सभापरिषदांतून सांगूं लागले, आणि १९३९ सालीं एका सहकार्‍यासह लिहिलेल्या लेखांत त्यांनीं या ‘आदिमपणा’ला शास्त्राचें रूप दिलें. असाच विचार आफ्रिकेच्या दुसर्‍या टोंकालाहि चालूं होता. केनियांत काम केलेले डॉक्टर कॅरोदर्स यांचें आफ्रिकी मनाविषयींचें पुस्तक तर १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंच प्रसिद्ध केलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पोरो हे कांहीं त्या देशांत नवखे नव्हते. त्यांची कित्येक दशकें तेथें गेलीं होतीं. तेथील रुग्ण त्यांनीं पाहिले होते, तेथील चालीरीतींची माहिती त्यांना होती. उणीव माहितीची नव्हती. ती कोठें होती, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

त्याच १९५३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत ब्लीदाच्या इस्पितळांत एक नवे डॉक्टर दाखल झाले. त्यांचें नांव फ्रांत्झ फॅनन. वय अवघें अठ्ठावीस. वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर १९२५ सालीं कृष्णवर्णीय कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. दुसर्‍या महायुद्धांत ते फ्रान्सच्या बाजूनें लढले आणि नंतर लियों शहरीं त्यांनीं वैद्यकाचें शिक्षण घेतलें. कातडीच्या रंगावरून होणारी अवहेलना त्यांनीं स्वतः सोसली होती आणि १९५२ सालीं त्या विषयावर एक प्रखर पुस्तकहि लिहिलें होतें. अल्जेरियांत येण्यापूर्वीं सें-आल्बां येथील इस्पितळांत फ्रांस्वा तोस्केल्ल या स्पेनमधून आलेल्या निर्वासित मनोवैद्याच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. तोस्केल्ल यांचें मत असें कीं, रुग्णाच्या आधीं इस्पितळच सुधारलें पाहिजे. कुलुपें, शिक्षा आणि सक्तीचें रिकामपण यांनींच मनुष्य अधिक बिघडतो. तेव्हां इस्पितळाला एका लहानशा समाजाचें रूप द्यावें. रुग्णांनीं सभा घ्याव्या, वर्तमानपत्र काढावें, सण साजरे करावे, कामाची वांटणी आपसांत करावी, म्हणजे तुटलेलीं मनें पुन्हां माणसांत येतील.

हीच पद्धति फॅनन यांनीं ब्लीदास आणली. त्यांच्याकडे दोन तर्‍हेचे रुग्ण सोंपविलेले होते : एकीकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि दुसरीकडे २२० मुसलमान पुरुष. डॉक्टर तेच, इस्पितळ तेंच, पद्धतहि तीच. प्रयोगशाळेंत मुद्दाम मांडणी केली असती तरी तुलनेची याहून चांगली सोय झाली नसती.

स्त्रियांच्या विभागांत थोड्याच काळांत कायापालट झाला. बैठका भरूं लागल्या, नाताळचा सण थाटानें झाला, भरतकामाचें व शिवणकामाचें दालन सुरू झालें, छोटेंसें वर्तमानपत्र निघूं लागलें. वर्षानुवर्षें गप्प बसलेल्या बायका बोलूं लागल्या. पण पुरुषांच्या विभागांत कांहीं केल्या जीव येईना. सभेला मंडळी येत, मुकाट्यानें बसत आणि वेळ संपली कीं निघून जात. नाटकाचा बेत फसला, गाण्याचाहि फसला. वेताच्या टोपल्या विणण्याचें काम काढलें तर त्याला कोणी हात लावीना. वर्तमानपत्राकडे कोणी ढुंकून पाहीना. जुने परिचारक तरुण डॉक्टरांची कींव करूं लागले. येथें कांहीं वर्षें काढल्यावर तुम्हांलाहि हे लोक कळतील, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असे.

या ठिकाणीं फॅनन यांच्यापुढें दोन वाटा होत्या. एक वाट सोपी आणि मळलेली. युरोपीय स्त्रियांना जी पद्धति गुणकारी ठरली ती या पुरुषांना लागू पडत नाहीं, यावरून त्यांचेंच मन अप्रगत आहे, असा निष्कर्ष काढावयाचा. म्हणजे पोरो यांच्या मताला आणखी एक पुरावा मिळाला असता. फॅनन यांनीं दुसरी वाट धरली. झाक आझूले या आपल्या तरुण सहकार्‍यासह त्यांनीं १९५४ सालीं एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यांत आपलें अपयश उघडपणें मांडलें. दोष रुग्णांचा नसून आपला आहे, असा त्या लेखाचा निर्वाळा होता. मुसलमान समाजाची घडण काय, त्याचें कुटुंब कसें, त्याचा दिवस कसा जातो, याचा विचार न करतां आपण युरोपीय चौकट जशीच्या तशी त्यांच्यावर लादली. तुम्ही आमच्यासारखे व्हा म्हणजे बरे व्हाल, असेंच जणूं आपण त्यांना सांगत होतों, हें त्यांनीं कबूल केलें. ज्यानें स्वतः परकेपणाचे घाव सोसले होते त्याच्याच हातून ही चूक घडली, ही गोष्ट मोठी विचार करावयास लावणारी आहे. स्वतः सोसलेलें असलें म्हणजे दुसर्‍याचें मन आपोआप कळतें असें नाहीं.

मग एकेका फसलेल्या प्रयोगाचें कारण उलगडत गेलें. टोपल्या विणणें हें त्या लोकांच्या दृष्टीनें बायकांचें काम. तें करावयास सांगणें म्हणजे पुरुषाच्या मानाला धक्का लावणें. चारचौघांत गाणें किंवा गोष्ट सांगणें हा फिरत्या कलावंतांचा धंदा. घरंदाज शेतकर्‍यानें तें करावें ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटे. आपल्याकडील एखाद्या पोक्त देशमुखाच्या हातीं ढोलकी देऊन त्याला फडावर उभें राहावयास सांगितलें तर तो काय म्हणेल? वर्तमानपत्राचें तर बोलावयासच नको, कारण त्या दोनशें वीस माणसांत लिहितां-वाचतां येणारे फारच थोडे होते. सभेंत सगळे बरोबरीचे मानून बोलावें ही रीतहि तेथें परकी. ज्या घरांत वडील माणसाचा शब्द शेवटचा असतो, त्या घरांतून आलेला मनुष्य अनोळखी लोकांसमोर एकदम मत देऊं लागेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

आणि सर्वांत मोठी अडचण भाषेची. फॅनन यांना अरबी येत नव्हती, कबाइलहि येत नव्हती. दुभाष्याशिवाय त्यांचें पाऊल पुढें पडत नसे. दुभाषा शब्द पोंचवितो, पण त्याच्याबरोबर आणखी कांहीं पोंचतें. अल्जेरियांतल्या शेतकर्‍यानें दुभाषा यापूर्वीं पाहिला होता तो कचेरींत आणि न्यायाधीशापुढें. तेव्हां डॉक्टरच्या शेजारीं दुभाषा दिसतांच हा उपचार नसून चौकशी आहे, असें त्याला वाटावें यांत नवल तें काय? जो मनुष्य चौकशीला उभा आहे तो मन मोकळें करीत नाहीं. तो आपली बाजू संभाळतो.

निदान सांपडल्यावर उपाय पुढें आले. इस्पितळांत त्या देशांत असतें तसें कॉफीचें दुकान उघडण्यांत आलें. आपल्याकडे गांवच्या पारावर जसे पुरुष बसतात तसे तेथील पुरुष अशा दुकानांत बसून बोलतात. मुसलमानी सण नेमानें साजरे होऊं लागले. रुग्णांनीं गोष्टी सांगाव्या हा आग्रह सोडून त्यांच्यासाठीं धंदेवाईक कथेकरी बोलावण्याची व्यवस्था झाली. तात्पर्य, रुग्णांना सभेंत ओढून आणण्याचें सोडून, ते जेथें आपण होऊन बसतात व बोलतात तशी जागा त्यांच्यासाठीं निर्माण केली गेली. तोस्केल्ल यांचें तत्त्व खोटें ठरलें नाहीं. इस्पितळ हें समाजाचें रूप असावें हें खरेंच. फक्त तो समाज कोणाचा, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता.

एकदां दृष्टि बदलल्यावर पुढील दोन वर्षांत फॅनन व त्यांचे सहकारी यांना नवनवीन गोष्टी दिसूं लागल्या. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १९३५ च्या सुमारास तयार झालेली एक मनोपरीक्षा प्रसिद्ध आहे. तींत कांहीं चित्रें दाखवून त्यांवर गोष्ट रचावयास सांगतात आणि त्या गोष्टीवरून मनाचा ठाव घेतात. ही परीक्षा अल्जेरियन मुसलमान स्त्रियांना दिली असतां उत्तरें अगदीं कोरडीं आलीं. चित्रांतले कपडे, घरें, माणसांचें उभें राहणें, सारेंच परकें. मग त्यावर गोष्ट सुचावी कशी? पण त्याच संचांत एक अगदीं कोरें कार्ड असतें. तें हातीं येतांच त्या स्त्रियांची कल्पना मोकळी झाली आणि त्यांनीं भरभरून गोष्टी सांगितल्या. १९५६ सालीं फॅनन यांनीं एका सहकार्‍यासह हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. यांतील बोध इतका स्पष्ट आहे कीं त्यावर भाष्य नको.

त्याच वर्षीं त्यांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलें. वेडा मनुष्य जिन्नानें झपाटलेला आहे, अशी तेथील लोकांची श्रद्धा. युरोपीय डॉक्टरांना हें निव्वळ अज्ञान वाटे. पण या श्रद्धेचा परिणाम पाहतां असें दिसलें कीं, रुग्णानें शिवी दिली किंवा हात उगारला तरी घरची माणसें त्याला दोष देत नाहींत. हें करणारा तो नव्हे, असें समजून त्याला सांभाळतात, आणि तो बरा झाला कीं पूर्वींचीच जागा त्याला देतात. उलट इस्पितळांतील परिचारक मात्र रुग्ण ढोंग करतो असें मानून त्याला शिक्षा करावयास उठत. श्रद्धा खरी कीं खोटी हा वाद वेगळा. पण त्या श्रद्धेच्या पोटांत जी माणुसकी होती ती ओळखल्याशिवाय त्या कुटुंबाला सल्ला देण्याचा अधिकार कोणास पोंचतो?

फॅनन यांचें ब्लीदा येथील काम फार काळ टिकलें नाहीं. १९५४ च्या नोव्हेंबरांत अल्जेरियाचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. ज्या राज्यांत मनुष्य आपल्याच देशांत परका केला जातो, तेथें त्याला इस्पितळांत बरें करून पुन्हां त्याच परिस्थितींत सोडण्यांत काय अर्थ, हा प्रश्न त्यांना छळूं लागला. १९५६ च्या अखेरीस त्यांनीं राजीनामा दिला. १९५७ च्या जानेवारींत सरकारनें त्यांना देशाबाहेर काढलें. ट्युनिस येथें राहून ते स्वातंत्र्यपक्षासाठीं झटले आणि १९६१ च्या डिसेंबरांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें अमेरिकेंत वारले. १९६२ च्या जुलैंत स्वतंत्र झालेला अल्जेरिया त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. ब्लीदाचें इस्पितळ आज त्यांचें नांव धारण करून उभें आहे.

त्याच सुमारास इतरत्रहि हाच विचार निराळ्या वाटेनें चालला होता. नायजेरियांत डॉक्टर थॉमस अदेओये लांबो यांनीं इंग्लंडांत शिकून परत आल्यावर १९५४ सालीं आबेओकुटाजवळ आरो येथें एक अभिनव व्यवस्था सुरू केली. रुग्णांना मोठ्या वाड्यांत कोंडून न ठेवतां शेजारच्या खेड्यांत ठेवावयाचें, बरोबर घरचें एक माणूस असावयाचें, आणि उपचारांत स्थानिक वैदूंनाहि हाताशीं धरावयाचें. लांबो हे स्वतः त्याच मुलुखाचे. त्यामुळें जें फॅनन यांना अपयशांतून शिकावें लागलें तें त्यांना घरांतूनच ठाऊक होतें. आपल्या देशांतहि अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आवारांत तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथें राहावयास जागा दिली. आजारी माणसाला घरापासून तोडणें ही इस्पितळाची जुनी रीत. घरच इस्पितळांत आणावें, ही त्यांची युक्ति. आई किंवा भाऊ शुश्रूषा शिकून घेत आणि रुग्णाला बरोबर घेऊन घरीं जात.

या अनुभवाचें शास्त्र व्हावयास मात्र वेळ लागला. अमेरिकेंत सिअ‍ॅटलच्या परिसरांतील १७ केंद्रांतून सल्ल्यासाठीं आलेल्या सुमारें १४,००० लोकांची पाहणी करून स्टॅन्ली स्यू या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं असें दाखविलें कीं, गोर्‍या लोकांपैकीं शेंकडा ३० पहिल्या बैठकीनंतर परत येत नाहींत. निग्रो, आशियाई इत्यादि अल्पसंख्य समाजांत हेंच प्रमाण सुमारें निम्में आहे. निम्मीं माणसें एकदां दार ठोठावून कायमचीं निघून गेलीं! त्यांनीं भांडण केलें नाहीं, तक्रार केली नाहीं; ब्लीदाच्या सभेंतील शेतकर्‍यांप्रमाणें तीं मुकाट्यानें उठलीं. सुमारें दहा वर्षांनीं त्याच भागांत पुन्हां पाहणी झाली तेव्हां हा फरक बहुतांशीं नाहींसा झालेला आढळला. मधल्या काळांत त्या त्या समाजाचे सल्लागार नेमले गेले होते आणि त्यांच्या रीतीभाती ओळखून नव्या सोयी झाल्या होत्या. माणसें तींच, बदललें होतें तें दाराच्या आंतील वागणें.

तत्पूर्वींच १९७३ सालीं कोलोरॅडोंतील व्हेल येथें अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेनें एक महत्त्वाचा विचार मांडला होता. ज्या समाजाची आपणांस ओळख नाहीं त्यांतील माणसाला तयारीशिवाय सल्ला देणें नीतीला सोडून आहे; आणि आपली तयारी नाहीं म्हणून त्याला परत पाठविणें हेंहि तितकेंच अनीतीचें आहे. म्हणजे सुटकेची वाट उरली ती एकच : शिकण्याची.

परंतु या शिकण्यांतहि एक खांच आहे. जसवंत सिंग नेकी या भारतीय मनोवैद्यांनीं १९७३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, भारतीय रुग्ण सल्लागाराकडे गुरु या नात्यानें पाहतो. त्याला मार्गदर्शन हवें असतें आणि तेथें पाश्चात्य पद्धतीचा अलिप्तपणा त्याला कोरडा वाटतो. हें म्हणणें मार्मिक आहे. पण उद्यां एखाद्या परदेशी सल्लागारानें हें वाचून समोर बसलेल्या प्रत्येक भारतीयाला शिष्य समजून उपदेश करावयास सुरुवात केली, तर त्याची गत पोरो यांच्यासारखीच होईल. मुंबईच्या गिरणींत काम केलेला कामगार, सांगलीकडील बागाईतदार आणि लंडनमध्यें वाढलेली त्याची नात हीं तिन्हीं मराठीच. पण तिघांना एकच माप कसें चालेल? समाजाची माहिती ही प्रश्न विचारण्याची सुरुवात आहे. ती उत्तराची जागा घेऊं लागली कीं तिचें पूर्वग्रहांत रूपांतर होतें.

पोरो आणि फॅनन यांतील फरक तो हाच. एकानें कित्येक दशकें त्या लोकांत काढलीं आणि जें समजलें नाहीं तें त्यांच्या मेंदूवर ढकललें. दुसरा काल आलेला, भाषा न जाणणारा, चुकलेला. पण चुकल्यावर त्यानें पहिला प्रश्न स्वतःला विचारला. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संस्थेनें २०१३ सालीं आपल्या निदानग्रंथांत सोळा प्रश्नांची एक मालिका घातली आहे. आपल्या दुखण्याविषयीं आपण घरच्या माणसांना किंवा मित्रांना काय सांगतां, असा त्यांत रुग्णाला विचारावयाचा एक प्रश्न आहे. प्रश्न साधाच आहे. पण तो विचारून जो सल्लागार थांबतो आणि ऐकतो, त्याला ‘काळजांत धस्स झालें’ या शब्दांचा अर्थ कधींतरी कळतो. आणि समोरच्या माणसालाहि, आपण येथें चौकशीला उभे नाहीं, असें वाटूं लागतें.